कॅमेरा लांब ठेवणाऱ्या यशवंताला

यशवंता,

तार आली तेव्हा मी एका नटीच्या गालावर प्रकाश पाडत होतो. स्टुडिओतल्या शिपायानं ती माझ्या हातात दिली. मी उघडली, वाचली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दिवा थोडा डावीकडे सरकवायला सांगितलं. शॉट पुरा झाला. त्यानंतरचाही झाला. दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसलो, वाढणाऱ्यानं आमटी हवी का विचारलं तर हो म्हणालो. मग दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं की मला गावाकडं जायला हवं, माझा मित्र गेला. तो म्हणाला, मग सकाळीच का नाही बोललात? मी खिशातली तार काढून त्याच्या हातात दिली.

मी कान्ह्याला तुमच्या घरी पोचलो तेव्हा तुला तळेगावच्या क्षयाच्या इस्पितळातून आणून अंगणात ठेवलं होतं. तुझा चुलतभाऊ माझ्यासाठी सगळ्यांना थांबवून होता. तुझा चेहरा उघडा होता. मी कडेला उभा राहिलो आणि पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की उन्हं तिरकी झाली आहेत, हा उजेड आता फार वेळ टिकणार नाही. माणूस मेलाय आणि याला उजेडाचं पडलंय, असं दुसरा कुणी म्हणाला असता. तू नसतास म्हणाला. तूही तेच पाहिलं असतंस.

वर्तमानपत्रात तुझ्याविषयी चार ओळी आल्या आहेत. मूकपटांच्या काळातले एक दिग्दर्शक, वगैरे. चूक त्यात काही नाही, म्हणून ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय आणि सुरुवात जमत नाही, कारण आपण भेटलो की सुरुवात नेहमी तू करायचास. तीही भांडणानं.

लोणावळ्याच्या शाळेत तू आलास तो वर्ष अर्धं सरल्यावर. तुझा मामा रेल्वेत खलाशी होता, त्याच्या खोलीवर राहून तू शिकणार होतास. मास्तरांनी गाव विचारलं. तू नाव सांगितलंस. मास्तर म्हणाले, अरे, ते तर धरणात गेलं. तू म्हणालास, "व्हय. पन माझं गाव तेच हाय." वर्ग हसला. तू खाली बसलास, चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पुढं तू माझ्यापेक्षा शुद्ध बोलायला लागलास, पण चिडलास की ती बोली परत यायची. मला त्यावरून तुझा राग मोजता यायचा.

तुमचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा तू अगदी लहान. तिथून उठून कान्ह्यात आलेल्या तुमच्या घरांना लोक "धरणातले" म्हणत. वाईट बोलत नसत, पण नाव तेच राहिलं. हे मला तुझ्या चुलतभावानं सांगितलं, तू कधी बोलला नाहीस. पुढं तुझी दोन चित्रं झाल्यावर मी मोठा शोध लावल्यासारखा तुला म्हणालो, तुझ्या प्रत्येक चित्रात वेशीबाहेरचं माणूस येतं ते यामुळंच. तू फार चिडलास.

"प्रत्येक गोष्टीला माझं लहानपण चिकटवू नकोस," म्हणालास. "मला बाहेरची माणसं दिसतात, कारण ती बाहेर उभी असतात. आतल्यांच्या मधे भिंती असतात."

पण मला पटलं नव्हतं, आणि पटलेलं नाही हे तुला कळलं होतं.

बाजारामागच्या मैदानात चित्रांचा तंबू यायचा, आठवतं? आपण पडद्याच्या मागल्या बाजूला बसायचो, जिथं सगळं उलटं दिसायचं आणि संवादांच्या पाट्यांवरची अक्षरं वाचता यायची नाहीत. मी राजाराणीकडं बघत असायचो. तू कोपरानं ढोसून दाखवायचास ते भलतंच काहीतरी: तो मागचा भालदार बघ, त्याच्या पायात काटा गेलाय. राजा बोलतोय आणि हा एका पायावर उभा आहे. मी बघेपर्यंत तो गेलेला असायचा. कॅमेऱ्याच्या मागं उभं राहायला मी पुण्याच्या फोटोस्टुडिओत शिकलो खरा, पण बघायचं कुठं, हे त्या तंबूत शिकलो.

आपलं पहिलं चित्र. आता डोळे मिटले की मला त्यातला एकच दिवस दिसतो.

नाणे मावळातल्या त्या गावात आपण थंडीत गेलो होतो, गवत पिवळं पडलेलं. गोष्ट तुझीच होती. गावाबाहेरच्या ठाकरवाडीतली एक बाई, नवरा गेलेला. दिराशी पाट लावायला वाडी सांगते, ती नको म्हणते. मग वाडी तिला बाहेर काढते. गावानं तर तिला कधी आत घेतलेलंच नसतं. ती गाव आणि वाडी यांच्या मधल्या टेपावर, उघड्या टेकाडावर, स्वतःचं खोपट बांधते आणि राहते. बस, एवढंच. शेवट मात्र पैसे घालणाऱ्या शेठच्या आग्रहानं घातलेला होता: गावाला तिची किंमत कळते, गाव तिला देवळाच्या पायरीवर बसवतं, पाटलीणबाई स्वतः तिला पाणी देते. मला तो शेवट आवडला होता. तुला आवडला होता की नाही, ते तू सांगितलं नव्हतंस.

मुंबईहून यायची ती नटी आलीच नाही. तेव्हा तू चिमाबाईला विचारलंस. ठाकरवाडीतली, चाळिशीची, लाकडाच्या मोळ्या घेऊन कामशेतच्या बाजाराला जाणारी बाई. तिनं दोन अटी घातल्या. लुगडं माझं मीच नेसेन. आणि रडायला सांगू नका, मला ते असं येत न्हाई. तू दोन्ही मान्य केल्यास. मला वाटलं, झालं, आपलं चित्र बुडालं. पण ती कॅमेऱ्याकडं कधी बघायचीच नाही. वाटेतला एखादा दगड असावा तसा तो तिला होता. वळसा घालून जायची.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी सारं गाव देवळापाशी जमलं होतं. पाटलांनी, खेळच आहे, बसू दे तिला पायरीवर, असं सांगितलं होतं. मी पायरीच्या अगदी समोर कॅमेरा लावला. चिमाबाई मोळी घेऊन आली, पायरीपाशी थांबली आणि उभीच राहिली. तू पुन्हा समजावून सांगितलंस. तिनं मोळी खाली ठेवली, आपल्याकडं चालत आली आणि फक्त आपल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, मी तितं बसायची न्हाई."

तू म्हणालास, खोटं खोटं आहे, पाटलांनी हो म्हटलंय.

"आज व्हय म्हनलं. तुमी उद्या जाल. मला ह्याच वाटंनं बाजाराला जायाचंय."

ती रागावली नव्हती. घाबरलेलीही नव्हती. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो आणि तिचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मी इतक्या वर्षांत दिवे लावून लावून कुठल्याही नटीत आणू शकलेलो नाही.

तू उंबराच्या पारावर जाऊन बसलास. लोक कुजबुजत होते, ऊन उतरत होतं, मी तुझ्याकडं बघत होतो. बऱ्याच वेळानं तू तिला विचारलंस, की समज, खरंच गावानं पाणी दिलं तर तू काय करशील? तिनं जरा विचार केला.

"घरी जाईन," म्हणाली. "माझ्या घरी पानी हाय."

तू उठलास आणि मला कॅमेरा उचलायला सांगितलंस. आपण ओढा ओलांडला आणि पलीकडच्या उंचवट्यावर, इतक्या लांब जाऊन उभे राहिलो, की देऊळ अंगठ्याएवढं दिसत होतं. मी म्हणालो, इथून तिचे नाकडोळे काही दिसणार नाहीत. तू म्हणालास, चालणं दिसेल. मग इशारा झाला. ती गावातून निघाली. लोक होते तिथं उभे राहिले. कुणीतरी तांब्या पुढं केला. ती थांबली, मान हलवली आणि पुढं निघाली. घरं संपली, बांध संपला, टेपाची वाट लागली, ती वर गेली आणि दिसेनाशी झाली. मी कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं थांबवलं.

"थांबू नकोस," तू म्हणालास.

"आता काय घ्यायचं? ती गेली."

"ती गेली, ते घ्यायचं."

मी हँडल फिरवत राहिलो. समोर नुसती वाट होती आणि वाऱ्यानं हलणारं गवत. मला वाटत होतं की आपण कच्ची फिल्म जाळतोय.

त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणालो, लोक चेहरा बघायला येतात. तिनं नाही म्हटलं तेव्हाचा तो चेहरा तू कुणाला दिसूच दिला नाहीस. तू म्हणालास, तो चेहरा तिनं आपल्याला दाखवला, लोकांना नाही. मी म्हणालो, मग लोकांना तिच्याविषयी माया कशी वाटणार? तेव्हा तू जे बोललास ते मी नंतर पुष्कळांना सांगितलंय, तुझं नाव घेऊन आणि कधीकधी न घेताही.

"जवळ गेलं की ती आपली होते. ती कुणाची नाही, म्हणून तर चित्र तिच्यावर आहे. माया नाही वाटली तरी चालेल. वाट सोडून बाजूला झाले तरी पुरे."

शेठनं मुंबईत चित्र लावताना ती रिकामी वाट कापून टाकली. तू त्यावर एक शब्द बोलला नाहीस. पुढच्या चित्रात तू माणूस निघून गेल्यावरची जागा शेवटाला न ठेवता मधे ठेवलीस, जिथून ती कुणाला कापता येणार नव्हती. तेव्हा मला कळलं की तू किती चिडला होतास.

लोक तुला विचारायचे, तुमच्या चित्रांतला माणूस नेहमी कडेला का असतो, मधली जागा रिकामी का? तू त्यांना कॅमेऱ्यात दोष आहे म्हणून सांगायचास. एका गृहस्थांनी ते खरं मानून मला दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता दिला होता.

मग बोलपट आले. तुझ्या त्या एकुलत्या एका बोलपटाचं सगळं आपल्या लोणावळ्यातलंच. घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनाचा ड्रायव्हर, गोव्याकडचा, एकटा राहणारा. प्रार्थनेला मागच्या बाकावर बसतो, गणपतीत मांडवाच्या बाहेर उभा राहून भजन ऐकतो, कुणी आत बोलावलं तर हसून निघून जातो. त्यातला तो चहाच्या हॉटेलातला प्रसंग. मागच्या टेबलावर लोक त्याच्याविषयीच बोलतायत, तो ऐकतोय, आणि तू कॅमेरा त्याच्या पाठीवर लावलास. पुढून घेऊ दे म्हणून मी अक्षरशः हात जोडले. नट चांगला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"पाठीला चेहरा नसतो असं तुला कुणी सांगितलं?" तू म्हणालास.

त्या प्रसंगात तो काहीच करत नाही. कप उचलतो आणि बशीत जपून ठेवतो, आवाज होऊ नये म्हणून. पुण्यात चित्र लागलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. हिरो तोंड का दाखवत नाही, म्हणून कुणीतरी ओरडलं. आपण दोघं त्यांच्यातच बसलो होतो. मला मान वर करवेना. बाहेर आल्यावर तू अगदी शांतपणे म्हणालास, कप ठेवताना सगळे गप्प झाले होते, पाहिलंस? मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तुला चित्र मिळणं अवघड झालं आणि मला मुंबईहून बोलावणं आलं. जा म्हणून तूच सांगितलंस. तू म्हणालास, तुला चेहरे आवडतात, जा, चेहरे घे. त्यात टोमणा नव्हता. मी गेलो, आणि तुला ठाऊक आहे, नाव झालं ते चेहऱ्यांसाठीच. तू माझं प्रत्येक चित्र बघायचास. एकदा लोणावळ्याच्या फलाटावर भेटलास तेव्हा म्हणालास, तुझी ती नटी एवढी जवळ आली की मी खुर्चीत मागं सरकलो. मी पुष्कळ हसलो होतो. आता ते आठवून हसू येतं का म्हणून मी बघितलं. आलं नाही. रडूही येत नाही. अंगावर भिजलेली घोंगडी असावी तसं वाटतं, जड आणि गार, आणि ती काढून ठेवावी असंही वाटत नाही.

माझे वडील गेले तेव्हा तू आला होतास. आलेला प्रत्येक जण मला मिठी मारत होता, पाठीवरून हात फिरवत होता, शेवटी काय झालं ते विचारत होता. तू ओसरीच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसलास. जवळ आला नाहीस, बोलला नाहीस. दुपार झाली, लोक गेले, तू तिथंच. मी एकदा तुझ्याकडं बघितलं तेव्हा तू नजर खाली केलीस. मग केव्हातरी उठून गेलास. मला तेव्हा राग आला होता, की इतक्या जुन्या मित्राला दोन शब्द बोलता येऊ नयेत. पण त्या दिवसातलं मला आज काही आठवत असेल तर तो कोपरा आठवतो. बाकीच्यांचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत.

लढाई सुरू झाली, कच्ची फिल्म परवान्यावर गेली आणि तुझ्यासारख्याला परवाना मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. तू कान्ह्याला आईजवळ येऊन राहिलास. मग खोकला. मग तळेगाव. मी दोनदा येऊन गेलो. व्हरांड्यात ओळीनं खाटा, सगळ्या खिडक्या उघड्या, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्या जरा अंतरावर. दुसऱ्या खेपेला तू बराच खंगलेला होतास, पण डोळे तेच. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा होता, त्याच्याकडं कुणीच येत नसे. माझ्याशी बोलता बोलता तू मधेच म्हणालास, जरा हळू बोल, त्याला वाटायला नको की आपण त्याला ऐकवतोय. मग मला विचारलंस, नवीन चित्रात काय करतोयस? मी सांगितलं, नायिका आरशात बघते, तिचे डोळे भरून येतात, मी इतका जवळ जातो की पापण्यांचा केस न् केस दिसतो. तू हसायला लागलास आणि खोकला उसळला. परिचारिका आली. तिनं मला जायची खूण केली. मी उठलो तेव्हा तू हात वर केलास.

"पुढच्या खेपेला ये. मग भांडू."

हेच शेवटचं. मी बरं म्हणालो. दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं का, ते मला ठाऊक नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

तुला इंद्रायणीकाठी नेलं. सगळा गाव होता. तुझ्या चुलतभावानं अग्नी दिला. नंतर कान्ह्याचे पाटील पुढं आले आणि चार शब्द बोलले. आमच्या गावचा पोरगा, म्हणाले. गावाचं नाव ह्यानं पार मुंबईपर्यंत नेलं, म्हणाले. ते मनापासून बोलत होते. बायका मागं राहिल्या होत्या, पण तुझ्या आईच्या कानावर हे घरी गेल्यावर गेलंच. ती नुसती मान हलवून गोठ्याकडं गेली.

मी त्या रात्री तुमच्याकडंच राहिलो. सकाळी अंगणात बसलो होतो तर ती येऊन समोर टेकली. तिला मी शाळेपासून मावशी म्हणतो. तिच्या हातात काही काम नव्हतं, ते तिचं तिलाच चमत्कारिक वाटत असावं. हात मांडीवर एकावर एक ठेवून बसली.

"बाळू," ती म्हणाली, "तो करायचा काय रं?"

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं की तिनं तुझं एकही चित्र पाहिलेलं नाही. तू एकदा पुण्याला नेलं होतंस, दिवे मालवले तशी ती घाबरून उठून बाहेर आली, आणि तू पुन्हा आग्रह केला नाहीस. लोक म्हणत्यात नाव काडलं, पर केलं काय ते मला कुनी सांगितलं न्हाई, असं ती म्हणाली.

मग मी तिला आपलं पहिलं चित्र सांगितलं. गोष्ट सांगावी तसं, पहिल्यापासून. दिराला नको म्हणणारी बाई, वाडीनं काढलं, टेपावर खोपट बांधलं. ती मधे मधे हं करत होती. मी तिला सांगितलं की तुझ्या यशवंतानं त्या बाईच्या जवळ कॅमेरा कधी नेलाच नाही, ती नेहमी लांब दिसते, लहान, पण चालताना लगेच ओळखू येते. मग शेवट सांगितला. देऊळ, तांब्या, मान हलवली ते.

"मग गावात ऱ्हायली का ती?"

"नाही मावशी. टेपावर निघून गेली."

"लोक गेलं तिच्या मागं?"

"नाही."

"आन् तुमी?"

"आम्हीही नाही. ओढ्याच्या पलीकडंच उभे होतो. ती गेली, मग नुसती वाट दिसते."

वासराला ऊन लागत होतं, तिनं उठून त्याला सावलीत बांधलं आणि परत येऊन बसली.

"आमी हितं आलो ना," ती म्हणाली, "तवा समदं गाव बघाया आलं हुतं. बैल सोडायच्या आधी. बाया वाकून वाकून भांडी बघत हुत्या, किती हायत, कसली हायत. एकीनं माजा पदर बाजूला करून त्वांड बघितलं, रडती का न्हाई ते. वंगाळ न्हवत्या रं. तांदूळ बी दिलं त्यांनी. पन मला आपलं वाटत हुतं, जरा लांब उभ्या ऱ्हावा गं बायांनो. जरा लांब."

मी विचारलं, तेव्हा यशवंत कुठं होता?

"गाडीखाली. चाकाला धरून बसला हुता. कुनाला दिसत न्हवता." मग म्हणाली, "त्यानं ब्येस केलं. तिला जाऊ दिली."

एवढं बोलून ती उठली. मी कामशेतला जाऊन गाडी धरली.

यशवंता, ते गाडीखालचं तुला आठवत होतं की तू विसरून गेला होतास, हे कळायला आता मार्ग नाही. लहानपण चिकटवू नकोस असं तू बजावलं होतंस, म्हणून मी चिकटवत नाही. तुझी आई काय म्हणाली तेवढं लिहिलं. तू मला काय शिकवलंस हे मी तुला कधी सांगितलं नाही, तू ऐकूनही घेतलं नसतंस. माणूस निघून गेल्यावरही हँडल थांबवायचं नाही, हे मला तुझ्याकडून मिळालं. ते जमतं आहे की नाही, ते इतक्यात सांगता येणार नाही.

आज स्टुडिओत परत आलो. तीच नटी, तोच गाल. काम केलं. संध्याकाळी हाताखालच्या माणसांशी बसलो असताना मी म्हणालो, की चिमाबाईचा तो चेहरा एकदा तरी घ्यायला हवा होता, एकच शॉट, जवळून. तुझ्या आईचं सगळं ऐकून झाल्यावरही मला तसंच वाटतं, यशवंता. ते खोटं कसं बोलू? त्यांनी माना डोलावल्या. अगदी बरोबर, म्हणाले. मी थोडा वेळ थांबलो, कुणी भांडायला उठेल म्हणून. इथं मी काहीही म्हटलं की सगळे लगेच हो म्हणतात.